होळीपूर्वीची बाग: कोल्हापुरात वसंताच्या तोंडावर करायची कामे

पंचांगाप्रमाणे वसंत चैत्र-वैशाखात येतो. कोल्हापुरातल्या बागेला मात्र तेवढी वाट पाहणे परवडत नाही. समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटर उंचीवरच्या या शहरात फेब्रुवारीच्या पहाटे अजून गारवा असतो, दुपारचा पारा तिशी ओलांडू लागलेला असतो आणि एप्रिलमध्ये तो ३७-३८ अंशांपर्यंत चढतो. कापलेल्या फांदीला नवी फूट येण्यासाठी, कुंडी बदललेल्या झाडाच्या मुळांनी माती धरण्यासाठी किंवा पेरलेल्या बीचे रोप उन्हाला तोंड देण्याइतके खंबीर होण्यासाठी तीन-चार आठवडे लागतात. हे आठवडे उन्हाच्या तडाख्याआधी मिळाले तर झाड उन्हाळा सुखाने काढते, नाहीतर मे महिन्यापर्यंत ते कसेबसे तग धरते.

म्हणून या लेखातली सगळी कामे माघी पौर्णिमा ते होळी या महिन्यात बसवली आहेत. इंग्रजी महिन्यांत सांगायचे तर फेब्रुवारीचा पहिला आठवडा ते मार्चचा मध्य. जे कापायचे, उपटायचे, हलवायचे किंवा लावायचे आहे ते होळीपूर्वी उरकावे आणि होळीनंतर केवळ झाकणे, पाणी देणे व राखणे एवढेच हाती ठेवावे. बागकामाला पहिल्यांदाच हात घालणाऱ्याने एवढा एक क्रम सांभाळला, तरी त्याची निम्मी झाडे वाचतात.

आधी पाहणी, मग हत्यार

पहिल्या सुट्टीच्या दिवशी काहीही न कापता सकाळी नऊ, दुपारी बारा आणि चार वाजता बागेत, गच्चीवर किंवा गॅलरीत उभे राहून ऊन कुठे पडते ते पाहावे. डिसेंबरात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. आता तो उत्तरेकडे सरकत असल्याने हिवाळ्यात सावलीत असलेले काही कोपरे उन्हात येतात, तर दक्षिणेकडच्या गॅलरीतले ऊन हळूहळू कमी होते. पश्चिमेकडच्या भिंतीची जागा सर्वांत कठीण, कारण दुपारभर तापलेली ती भिंत सूर्य मावळल्यावरही झाडावर उष्णता सोडत राहते. कोणते झाड कुठे हलवायचे हे या निरीक्षणावरून कागदावर लिहून ठेवावे.

त्याच दिवशी माती हातात घेऊन पाहावी. पंचगंगेच्या काठाने पसरलेल्या भागात काळी, चिकण माती आहे. ती पाणी धरते, पण वाळली की भेगाळते आणि त्या भेगांत बारीक मुळे तुटतात. पन्हाळा, शाहूवाडी, राधानगरीच्या बाजूची तांबडी, जांभ्याची माती भुसभुशीत असते, पण पाणी आणि खत दोन्ही तिच्यातून लवकर निसटतात. शिरोळकडच्या काही जमिनी क्षारपड आहेत आणि तेथे उन्हाळ्यात मातीवर पांढरा थर दिसतो. ओलसर मातीचा मुठीत गोळा करून तो बोटाने दाबावा: गोळा न फुटता चेपला गेला तर माती चिकण आहे, सहज फुटला तर ती कामाची आहे, गोळाच झाला नाही तर ती हलकी आहे. पुढची सारी मिश्रणे या एका परीक्षेवर अवलंबून आहेत.

छाटणीआधी झाडांच्या आत डोकावून घरटी आहेत का, हेही पाहावे. शिंजीर आणि बुलबुल या दिवसांत घरटी करू लागतात, आणि शिंजिराचे लोंबते घरटे तर वाळक्या कचऱ्याच्या झुबक्यासारखेच दिसते. घरटे असलेली फांदी पिल्ले उडेपर्यंत तशीच ठेवावी. तेवढ्याने झाडाचे काहीही बिघडत नाही.

हिवाळी फुलांची आवराआवर

पिटुनिया, फ्लॉक्स, डेलिया यांसारखी हंगामी फुले आता उतरणीला लागलेली असतात. वाढत्या उन्हात ती फार काळ टिकणार नाहीत, म्हणून उत्तम फुलांपैकी दोन-तीन बियांसाठी राखून बाकीची झाडे उपटून कंपोस्टच्या ढिगात टाकावीत. झेंडूच्या वाळलेल्या फुलांतले बी सावलीत सुकवून कागदी पुडीत ठेवले तर पावसाळ्यात, दसऱ्याची फुले धरण्यासाठी, ते उपयोगी पडते.

शेवंतीला मात्र उपटू नये. फुले संपली की तिची खोडे जमिनीपासून चार-पाच इंचांवर कापावीत, म्हणजे बुंध्याशी नवे मुनवे येतात. हे मुनवे मुळांसकट वेगळे करून लहान कुंड्यांत लावावेत आणि उन्हाळाभर अर्धसावलीत जपावेत. जून-जुलैत ते मोठ्या कुंडीत किंवा वाफ्यात गेले की पुढच्या हिवाळ्याची शेवंती घरचीच होते.

छाटणी: कोणाला कात्री लावायची आणि कोणाला नाही

नवख्या माणसाची सर्वांत मोठी अडचण छाटणीतच असते, कारण एकाच दिवशी एकाच कात्रीने सगळी झाडे सारखी कापण्याचा मोह होतो. प्रत्येक झाडाचा फुलण्याचा काळ वेगळा आहे आणि छाटणी त्या काळाशी जुळली पाहिजे. सिकेटर, म्हणजे छाटणीची कात्री, धारदार असावा. एका झाडावरून दुसऱ्यावर जाताना त्याचे पाते स्पिरिटने किंवा जंतुनाशकाने पुसावे, कारण रोग पात्यावाटेच पसरतात. काप बाहेरच्या दिशेला असलेल्या डोळ्याच्या थोडा वर आणि तिरका घ्यावा, म्हणजे नवी फांदी झाडाच्या बाहेर वाढते आणि मध्यभागी हवा खेळती राहते.

मोगऱ्यापासून सुरुवात करावी, कारण त्याला उशीर अजिबात चालत नाही. मोगऱ्याची कळी नव्या फुटीवर येते आणि ही फूट उन्हाळ्याच्या आधी निघावी लागते. जाणकार लोक डिसेंबरात मोगऱ्याचे पाणी तोडून जानेवारीत छाटणी करतात. ज्यांचे ते राहून गेले असेल त्यांनी फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात झाडाचा वरचा एक तृतीयांश भाग कापावा, वाळक्या व आत वळलेल्या काड्या मुळापासून काढाव्यात, राहिलेली जुनी पाने हाताने ओरबाडून टाकावीत, माती उकरून चांगले कुजलेले शेणखत घालावे आणि मगच भरपूर पाणी द्यावे. साधारण दीड महिन्यात कळ्या दिसू लागतात. मोगऱ्याला निदान पाच-सहा तास थेट ऊन लागते. सावलीतला मोगरा कितीही छाटला तरी पानांवरच समाधान मानावे लागते.

जास्वंदीची छाटणीही याच दिवसांत करावी, पण हलक्या हाताने. लांबट झालेल्या फांद्या एक तृतीयांशाने कमी कराव्यात आणि एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या काढाव्यात. कढीपत्त्याचा शेंडा कापला तर तो उंच न जाता बाजूने भरतो, आणि कापलेली पाने सावलीत वाळवून डब्यात भरता येतात. तगर आणि अबोली यांनाही थोडी हजामत चालते.

गुलाबाला मात्र आता कडक छाटणी देऊ नये. आपल्याकडे गुलाबाची मुख्य छाटणी पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबरात होते. उन्हाच्या तोंडावर उघडी पडलेली गुलाबाची काठी करपते. या महिन्यात फक्त सुकलेली फुले खालच्या दोन पानांसह काढावीत, वाळकी काडी कापावी आणि कलमाचा डोळा भरलेल्या जागेच्या खालून खुंटाची, म्हणजे कलमाखालच्या मूळ झाडाची, फूट आली असेल तर ती बुंध्यापासून ओढून काढावी. ही फूट राहू दिली तर वर्षभरात कलमाचा गुलाब नाहीसा होऊन फक्त रानटी खुंट उरतो.

बोगनवेल आता रंगात येत असते, तेव्हा तिला कात्री लावू नये आणि पाणीही बेताचेच द्यावे, कारण पाण्याचा थोडा ताण मिळाला की तिचा रंग अधिक खुलतो. मोहोर आलेल्या आंब्यालाही हात लावू नये. मोहोर पूर्ण फुललेला असताना कीटकनाशक फवारले तर परागीभवन करणाऱ्या मधमाश्या आणि माश्या मरतात आणि फळधारणा घटते. आंब्याला पाणी फळ वाटाण्याएवढे झाल्यावरच सुरू करावे. त्याआधी भरपूर पाणी मिळाले तर झाड मोहोराऐवजी पालवीकडे वळते.

लिंबावरचे पाणसोट, म्हणजे सरळ वर उसळणाऱ्या, जाड, फळ न देणाऱ्या फांद्या, दिसताक्षणी काढाव्यात. हस्त बहाराची, म्हणजे पावसाळ्याच्या अखेरीस आलेल्या फुलांची, लिंबे या वेळी झाडावर पोसत असतात आणि उन्हाळ्यात, ऐन सरबताच्या दिवसांत, काढणीला येतात, म्हणून फळे असलेल्या लिंबाचे पाणी आता तोडू नये.

चाफ्याला, म्हणजे पांढऱ्या देवचाफ्याला, या दिवसांत पाने नसतात आणि अनेकांना तो मेला असे वाटून ते त्याला पाणी पाजत राहतात, त्यामुळे मुळे कुजतात. नखाने साल खरवडून आत हिरवे दिसले तर झाड जिवंत आहे. नवे रोप करण्याची हीच वेळ: फूटभर लांबीची जाड फांदी कापून ती सावलीत सात-आठ दिवस उभी ठेवावी, कापातला चीक पूर्ण वाळू द्यावा आणि मग रेताड मातीत चार इंच खोल रोवून आठवड्यातून एकदाच पाणी द्यावे.

अंगठ्यापेक्षा जाड कापांना बोर्डो मलम लावावे. घरापुरते मलम करण्यासाठी १०० ग्रॅम मोरचूद अर्धा लिटर पाण्यात आणि १०० ग्रॅम कळीचा चुना अर्धा लिटर पाण्यात वेगवेगळा भिजवावा आणि दोन्ही एकत्र करून ढवळावे. भांडी प्लॅस्टिकची किंवा मातीची घ्यावीत, लोखंडाची घेऊ नयेत. मलमात लोखंडी खिळा क्षणभर बुडवून पाहावा. त्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला आहे असे समजून थोडा वाढवावा. हे मलम आंबा, लिंबू, पेरू यांच्या बुंध्याला जमिनीपासून दोन-तीन फुटांपर्यंत लावले तर खोडाचे बुरशीपासून रक्षण होते. हात मोज्यांत असावेत आणि उरलेले मलम दुसऱ्या दिवसासाठी ठेवू नये.

कुंड्या बदलणे आणि माती भरणे

कुंडीच्या तळाच्या छिद्रातून मुळे बाहेर आली असतील, पाणी घालताच ते वरून थेट खाली जात असेल किंवा खत देऊनही वाढ थांबली असेल तर कुंडी बदलावी. कळ्या धरलेल्या झाडाची कुंडी मात्र बदलू नये. त्याचा बहार होऊ द्यावा. नवी कुंडी जुनीपेक्षा दोन इंचांनीच मोठी घ्यावी, कारण फार मोठ्या कुंडीत मुळे नसलेली माती ओली राहून आंबते.

आदल्या संध्याकाळी झाडाला पाणी द्यावे. दुसऱ्या दिवशी ऊन उतरल्यावर कुंडी आडवी करून मातीचा गड्डा बाहेर काढावा, भोवती गोल फिरलेली मुळे बोटभर कापावीत, छिद्रावर खापरीचा तुकडा ठेवून नवे मिश्रण भरावे, झाड पूर्वीइतक्याच खोलीवर बसवावे आणि वर पाण्यासाठी दोन बोटे जागा मोकळी सोडावी. त्यानंतर आठ-दहा दिवस झाड सावलीत ठेवावे आणि तीन आठवडे रासायनिक खत देऊ नये.

मिश्रणासाठी तांबडी माती दोन भाग, कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत एक भाग आणि धुतलेले कोकोपीट किंवा कुजलेला पालापाचोळा एक भाग असे प्रमाण घ्यावे. १२ इंची कुंडीमागे दोन मुठी निंबोळी पेंड मिसळावी. कोकोपीट धुवायचे ते त्यातल्या क्षारांसाठी. काळी मातीच वापरायची असेल तर तीत एक भाग जाड वाळू किंवा विटांचा चुरा अवश्य घालावा, नाहीतर एप्रिलमध्ये ती कुंडीच्या कडा सोडून आकसते आणि पाणी त्या फटीतून वाहून जाते.

शेणखताबद्दल एक सूचना कळकळीने करावीशी वाटते. गोठ्यातून आणलेले ताजे, अर्धवट कुजलेले शेण थेट कुंडीत घालू नये. त्याची उष्णता मुळांना भाजते, आणि आपल्या ऊस-पट्ट्यात त्याच्याबरोबर हुमणी घरात येण्याची मोठी शक्यता असते. पांढरी, तपकिरी डोक्याची, अर्धवर्तुळात वळलेली ही अळी मुळे कुरतडते आणि झाड वरून पाणी असूनही कोमेजते. चांगले कुजलेले शेणखत काळपट, भुरभुरीत आणि दुर्गंध नसलेले असते. आणलेले खत जमिनीवर पसरून, चाळून, त्यातल्या अळ्या वेचून मगच वापरावे.

गच्चीवर कुंड्या थेट स्लॅबवर न ठेवता दोन विटांवर ठेवाव्यात, म्हणजे तापलेल्या स्लॅबची धग मुळांपर्यंत पोचत नाही आणि स्लॅबवर पाणीही साठत नाही. मातीच्या कुंड्या बाजूने पाणी सोडून गार राहतात, म्हणून उन्हातल्या झाडांसाठी त्याच बऱ्या; काळ्या प्लॅस्टिकच्या कुंड्या सावलीकडे सरकवाव्यात.

उन्हाळी भाजीची पेरणी

मेथी, पालक, चाकवत हे आता लवकर फुलोऱ्यावर जातात, म्हणून त्यांच्या जागी उन्हाळी भाज्या याव्यात. भेंडी, गवार, चवळी, काकडी, दोडका, कारले, दुधी, तांदळी आणि लाल माठ या भाज्यांची पेरणी फेब्रुवारीअखेर झाली तर वळवाच्या पावसाआधी काढणी सुरू होते. भेंडीचे बी थंड मातीत उगवत नाही, त्यामुळे पहाटेचा गारवा ओसरू लागला की मगच पेरावे.

नवख्यांनी भेंडीपासून सुरुवात करावी. बी १०-१२ तास पाण्यात भिजवून, तरंगणारे काढून टाकून, दोन सेंटिमीटर खोल आणि वाफ्यात ओळीतले अंतर ४५ सेंटिमीटर व दोन झाडांतले १५ सेंटिमीटर ठेवून पेरावे. कुंडीत १२ इंचांच्या कुंडीमागे दोनच झाडे ठेवावीत. पन्नास दिवसांच्या आत पहिली भेंडी हाती येते. चौघांच्या घराला पंधरा-वीस झाडे पुरतात, पण सगळी एकदम न पेरता निम्मी पंधरा दिवसांनी पेरली तर भाजी सलग मिळते. भेंडीला पानांच्या शिरा पिवळ्या पाडणाऱ्या हळद्या रोगाचे मोठे भय असते, आणि पांढरी माशी तो पसरवते. म्हणून परभणी क्रांती किंवा अर्का अनामिका यांसारखे या रोगाला तुलनेने कमी बळी पडणारे वाण निवडावेत.

वेलभाज्यांत निवडीला भरपूर वाव आहे. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे काकडीचे हिमांगी आणि फुले शुभांगी, दुधीचे सम्राट, कारल्याचे फुले ग्रीन गोल्ड हे वाण आपल्या हवामानात चांगले येतात. दोडक्यासाठी दापोलीच्या विद्यापीठाचे कोकण हरिता आहे. हे सुधारित वाण असल्याने त्यांचे बी पुढच्या वर्षासाठी राखता येते, संकरित बियाण्याचे तसे करू नये. कारले व दोडका यांचे टणक बी कोमट पाण्यात दिवसभर भिजवून टोक खाली करून लावावे. प्रत्येक वेलाला १५ इंच रुंद आणि तितकीच खोल पिशवी द्यावी आणि मांडव पेरणीच्या दिवशीच बांधावा, कारण वेल वाढल्यावर बांधताना शेंडे मोडतात.

शहरातल्या गच्चीवर वेल फुलतो पण फळ धरत नाही, अशी तक्रार सर्रास ऐकू येते. त्याचे कारण बहुधा मधमाश्यांची कमतरता हेच असते. नर फुलाचा देठ सडपातळ असतो आणि मादी फुलामागे छोटेसे फळ आधीच दिसते. नर फूल खुडून, पाकळ्या मागे करून, त्यातले पराग मादी फुलाच्या मध्यभागी हलकेच लावावेत. मात्र वेळ सांभाळावी: काकडी आणि कारल्याची फुले सकाळी उमलतात, तर दुधी आणि दोडक्याची संध्याकाळी. दुधीला सकाळी नऊ वाजता केलेले परागीभवन वाया जाते. त्यासाठी दिवेलागणीच्या वेळीच मांडवाखाली जावे.

कोथिंबीर उन्हाळ्यात महागते, म्हणून ती घरी पेरावी. धने रगडून दोन फोडी कराव्यात, रात्रभर भिजवावेत आणि सकाळचे ऊन, दुपारची सावली मिळेल अशा जागी पेरावेत. फुलांमध्ये झिनिया, कॉसमॉस, सदाफुली आणि ज्याला बहुतेक घरांत ऑफिस टाइम म्हणतात तो चिनी गुलाब, ही सारी आता लावता येतात. चिनी गुलाबाची तर काडी रोवली तरी पुरे.

पाचट: कोल्हापूरच्या बागेचे हक्काचे धन

आच्छादनाविना केलेली सगळी कामे एप्रिलच्या उन्हात अर्धी वाया जातात, आणि आच्छादनासाठी कोल्हापुरात जे फुकट आणि मुबलक मिळते ते राज्यातल्या फार थोड्या शहरांना मिळते. गळीत हंगाम मार्चपर्यंत चालू असतो. एका हेक्टर उसातून आठ ते दहा टन पाचट, म्हणजे उसाची वाळलेली पाने, निघते आणि त्यातले बरेचसे अजूनही शेतातच पेटवले जाते. त्या धुराचा त्रास सर्वांना होतो आणि जमिनीला मिळायचे ते सेंद्रिय द्रव्य राख होऊन उडून जाते. तुमच्या ओळखीत शेतकरी असेल तर तोड झालेल्या फडातून दोन-चार पोती पाचट मागून आणावे. नकार सहसा मिळत नाही. ज्यांच्याकडे शेती आहे त्यांनी तर ते जाळूच नये.

पाचट कोयत्याने वीतभर तुकड्यांत कापून जमिनीवर तीन-चार इंच आणि कुंडीत दोन इंच जाडीने पसरावे. खोडाभोवती चार बोटे जागा मोकळी सोडावी, म्हणजे बुंधा कुजत नाही. घराच्या लाकडी चौकटीला टेकून ढीग करू नये, वाळवी लागते. पाचट वरच ठेवावे, मातीत कालवू नये, कारण ते कुजवताना जिवाणू मातीतले नत्र ओढून घेतात आणि झाडे पिवळी पडतात. मातीत मिसळायचेच असेल तर शेणकाला शिंपडून आधी तीन-चार महिने कुजवावे. पाचट मिळाले नाही तर भाताचा पेंढा, भुईमुगाची टरफले किंवा वाळलेली पाने चालतात. रसवंतीतला ताजा चोथा मात्र थेट घालू नये. त्यातल्या गोडव्याने मुंग्या येतात आणि तो आंबतो.

याच दिवसांत कडुनिंब, पिंपळ यांची पानगळ चालू असते. पाने झाडून पेटवण्याऐवजी तीन पाट्या सुक्या पानांवर एक पाटी स्वयंपाकघरातला ओला कचरा आणि वर थोडा शेणकाला असे थर देत ढीग करावा, पंधरा दिवसांनी खाली-वर करावा आणि ओलसर ठेवावा. आता सुरू केलेले खत पावसाळी लागवडीला तयार होते.

घरच्या गुळाचाही बागेत उपयोग आहे. २० लिटर पाण्यात एक किलो ताजे शेण, एक लिटर गोमूत्र, २०० ग्रॅम रसायनविरहित गूळ, २०० ग्रॅम बेसन आणि बांधावरची मूठभर माती कालवून सावलीत गोणपाटाने झाकून ठेवावे आणि दिवसातून दोनदा काठीने ढवळावे. तीन-चार दिवसांनी तयार झालेले हे जीवामृत आठवड्याच्या आत वापरावे. ओल्या मातीवर प्रत्येक कुंडीला एक पेला पुरतो. पाचटाखालच्या मातीत ते विशेष लागू पडते.

पाणी आणि सावली

पाणी पहाटे किंवा सूर्य चढण्याआधी द्यावे. बोट दोन पेरे मातीत घालून पाहावे आणि कोरडे लागले तरच द्यावे; फेब्रुवारीत बहुतेक कुंड्यांना एक दिवसाआड पाणी पुरते, मार्चच्या मध्यापासून ते रोज लागते. वरवर शिंपडण्यापेक्षा तळातून पाणी निथळेपर्यंत एकदाच द्यावे, कारण वरवरच्या पाण्याने मुळे वरच राहतात आणि उन्हात भाजतात. जमिनीतल्या झाडांचे आळे फांद्यांच्या घेराएवढे रुंद करावे आणि बुंध्याभोवती मातीची आणखी एक कड घालावी, म्हणजे पाणी खोडाला न लागता मुळांच्या टोकांना मिळते. बोअरचे पाणी देणाऱ्यांनी महिन्यातून एकदा कुंडीत साध्या पाण्याच्या दोन-तीन बादल्या सलग ओतून साठलेले क्षार धुऊन काढावेत.

गावी जाणाऱ्यांनी तळाला बारीक छिद्र करून त्यात सुती वात घातलेले छोटे मडके मोठ्या कुंडीत पुरावे आणि ते भरून वर झाकण ठेवावे. दोन-तीन दिवस झाडाची तहान भागते. कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचू देऊ नये, डास होतात.

मार्चच्या मध्यापर्यंत पश्चिमेकडून ५० टक्के सावलीची हिरवी जाळी बांधावी. मोगरा, बोगनवेल, भेंडी, वेलभाज्या यांना ती नको. फर्न, अँथुरियम, शोभेची पानझाडे आणि नुकती लावलेली रोपे यांना ती हवीच. आपल्याकडे रंगांचा खरा धुडगूस रंगपंचमीला असतो, म्हणून त्या दिवशी अंगणातल्या कुंड्या आत घ्याव्यात आणि रंगाचे पाणी पानांवर पडलेच तर लगेच स्वच्छ पाण्याने धुवावे.

कीड दिसली तर

या दिवसांत जास्वंदीवर पिठ्या ढेकूण, वांगी-मिरचीवर मावा आणि फुलकिडे, आणि ऊन वाढले की पानांच्या मागे लाल कोळी येतो. आठवड्यातून एकदा पाने उलटी करून पाहण्याची सवय हाच पहिला उपाय. पिठ्या ढेकूण थोडाच असेल तर स्पिरिटच्या कापसाने पुसावा. कोळ्याला पाण्याचा जोरदार फवारा सकाळी दोन-तीन दिवस लागोपाठ दिला तर तो बराच आटोक्यात येतो. पुढचा उपाय निंबोळी अर्काचा: ५० ग्रॅम निंबोळी पावडर एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवून, फडक्याने गाळून, त्यात थोडे साबणाचे पाणी घालून संध्याकाळी फवारावे आणि आठ दिवसांनी पुन्हा फवारावे. भर दुपारी फवारले तर पाने करपतात. वेलभाज्यांच्या मांडवाजवळ फळमाशीसाठी क्यू ल्यूरचा कामगंध सापळा, म्हणजे नर माश्यांना वासाने ओढून अडकवणारा सापळा, टांगावा. आंबा आणि पेरूसाठी मिथाइल युजेनॉलचा सापळा वेगळा असतो, तेव्हा दुकानात मागताना पीक सांगूनच घ्यावा.

गुढीपाडव्यानंतर आकाशाकडे लक्ष ठेवावे. वळवाच्या पावसाआधी सुटणाऱ्या वाऱ्यात कठड्यावरच्या कुंड्या खाली येतात आणि मांडव कोलमडतात, म्हणून कुंड्या कठड्यावरून उतरवून घ्याव्यात आणि मांडवाच्या दोऱ्या पुन्हा ताणाव्यात. वळवाच्या पहिल्या सरीनंतर संध्याकाळी हुमणीचे तपकिरी भुंगेरे जमिनीतून बाहेर पडून कडुनिंब आणि बाभळीवर जमतात. त्या दोन-चार संध्याकाळी अंगणातल्या दिव्याखाली पाण्याने भरलेले, थोडे रॉकेल किंवा साबण टाकलेले घमेले ठेवावे आणि त्यात पडलेले भुंगेरे सकाळी नष्ट करावेत.